वसंतराव नाईक : रिकाम्या हातांचा प्रश्न आणि रोजगाराची हमी

उद्दिष्टे

हा घटक अभ्यासल्यानंतर आपल्याला

• वसंतराव नाईक यांच्या जीवनातील प्रमुख टप्पे सांगता येतील.
• १९७२ च्या दुष्काळातील बेरोजगारीचे स्वरूप स्पष्ट करता येईल.
• दुष्काळी काम आणि रोजगार हमी यांतील फरक विशद करता येईल.

१. प्रास्ताविक

विद्यार्थिमित्रहो, अंगात बळ आहे, काम करण्याची इच्छा आहे, परंतु काम मिळत नाही, ही अवस्था आपण आपल्या घरात किंवा गावात पाहिली असेल. वाशीम जिल्ह्यातील शेती प्रामुख्याने कोरडवाहू आहे. सोयाबीन, तूर आणि कापूस घरी आला की शिवारातील मजुरी आटते आणि अनेक गावांतून, तांड्यांतून कुटुंबे कामाच्या शोधात बाहेर पडतात. या रिकाम्या हातांची जबाबदारी कोणाची, हा प्रश्न जुनाच आहे. विसाव्या शतकात महाराष्ट्राने त्याला एक उत्तर दिले. ग्रामीण भागातील जो प्रौढ माणूस अंगमेहनतीचे काम मागेल त्याला ते देणे हे शासनाचे कर्तव्य आहे, असे ते उत्तर होते. ते घडविण्यात अनेकांचा वाटा होता. त्यांपैकी वसंतराव नाईक हे तांड्यावर जन्मले, अकरा वर्षांहून अधिक काळ राज्याचे मुख्यमंत्री राहिले आणि अखेरीस वाशीमचे खासदार झाले. रोजगाराच्या या प्रश्नाच्या अंगाने त्यांचे चरित्र आपण येथे पाहणार आहोत.

२. विषय-विवेचन

२.१ तांडा आणि बुडालेला व्यवसाय

वसंतरावांचा जन्म १ जुलै १९१३ रोजी यवतमाळ जिल्ह्यातील पुसद तालुक्यात गहुली या गावी झाला. वडिलांचे नाव फुलसिंग आणि आईचे होनूबाई. घराणे बंजारा समाजातील, तांड्याची नाईकी सांभाळणारे. आज वाशीम जिल्ह्यात असलेले, संत सेवालाल महाराजांमुळे बंजारा समाजाचे श्रद्धास्थान ठरलेले पोहरादेवी हे क्षेत्र याच परिसरातले.

या समाजाचा इतिहास ध्यानात घेतल्याशिवाय वसंतरावांच्या पुढील कार्याचा अर्थ नीट लागत नाही. बंजारे हे शतकानुशतके मालवाहतुकीचा व्यवसाय करीत. बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून त्यांचे तांडे देशभर फिरत. सैन्यांनाही तेच रसद पुरवीत. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात लोहमार्ग आणि पक्क्या सडका झाल्या. जे अंतर तांडा कित्येक दिवसांत कापी, ते आगगाडी काही तासांत कापू लागली. व्यवसाय बुडाला. त्यातच १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्यामुळे भटक्या समाजांकडे संशयाने पाहण्याची रीत रूढ झाली. एक कष्टाळू समाज दोन-तीन पिढ्यांत बेकार झाला. त्यात त्याच्या आळसाचा वा अज्ञानाचा भाग नव्हता. काळाने वाहतुकीचे साधनच बदलले होते. काही तांडे स्थिरावून शेती करू लागले, तर अनेकांच्या वाट्याला मोलमजुरी आली. गहुली हा असाच स्थिरावलेला तांडा होय.

२.२ शिक्षण, वकिली आणि सार्वजनिक जीवन

आरंभीचे शिक्षण आसपासच्या गावांत घेऊन वसंतराव पुढे नागपूरला गेले. मॉरिस महाविद्यालयातून १९३८ मध्ये ते पदवीधर झाले आणि १९४० मध्ये त्यांनी कायद्याची पदवी मिळविली. तांड्यावरच्या मुलाने वकील होणे ही त्या काळी सामान्य गोष्ट नव्हती. प्रारंभी अमरावतीस डॉ. पंजाबराव देशमुख यांच्या हाताखाली आणि नंतर पुसद येथे स्वतंत्रपणे त्यांनी वकिली केली. १९४१ मध्ये नागपूरच्या वत्सला घाटे यांच्याशी त्यांचा आंतरजातीय विवाह झाला. त्यास विरोध झाला, परंतु दोघेही निश्चयापासून ढळले नाहीत.

१९४६ मध्ये ते पुसदचे नगराध्यक्ष झाले. १९५२ मध्ये विधानसभेवर निवडून आल्यावर जुन्या मध्य प्रदेशात उपमंत्री, द्वैभाषिक मुंबई राज्यात मंत्री आणि १९६० नंतर महाराष्ट्राचे महसूलमंत्री अशी त्यांची वाटचाल झाली. मारोतराव कन्नमवार यांच्या निधनानंतर ५ डिसेंबर १९६३ रोजी ते मुख्यमंत्री झाले आणि २० फेब्रुवारी १९७५ पर्यंत त्या पदावर राहिले.

शेती सुधारली की गावातच काम निर्माण होईल, ही त्यांची धारणा होती. संकरित बियाण्यांचा प्रसार त्यांनी आग्रहाने केला. त्यांच्या कारकिर्दीत राज्यात चार कृषी विद्यापीठे उभी राहिली. त्यांपैकी अकोल्याचे विद्यापीठ १९६९ चे. वाशीम त्या वेळी अकोला जिल्ह्यातच होते. मात्र सुधारित बियाण्यालाही पाऊस लागतो, आणि पावसानेच पुढे त्यांची कसोटी पाहिली.

२.३ १९७२ चा दुष्काळ

१९७० पासून पाऊस कमी पडू लागला आणि १९७२ मध्ये तो राज्याच्या मोठ्या भागात जवळजवळ पडलाच नाही. मराठवाडा आणि पश्चिम महाराष्ट्राचा अवर्षणग्रस्त पट्टा यांना सर्वाधिक झळ पोहोचली. पीक गेले म्हणजे केवळ धान्य गेले असे नाही. पेरणी, निंदणी, कापणी, मळणी ही सारी कामे त्याबरोबर गेली. शेतमजुराची मजुरी बुडाली आणि त्याला कामावर बोलावणारा शेतकरीही कामाच्या शोधात निघाला. स्वतःची जमीन असलेली माणसे खडी फोडण्यासाठी भूमिहीनांच्या शेजारी बसली. १९७२ ची बेरोजगारी इतकी सर्वस्पर्शी होती.

वसंतरावांच्या सरकारने जागोजागी कामे काढली. पाझर तलाव, नाला बांध, बांधबंदिस्ती, विहिरी, रस्ते आणि खडी फोडणे ही त्यांतली प्रमुख. मे १९७३ च्या सुमारास या कामांवर सुमारे ५० लाख माणसे होती. त्यांत स्त्रियांची संख्या मोठी होती. कामावर वाटली जाणारी सुकडी आणि परदेशातून आलेला तांबडा मिलो यांच्या आठवणी गावोगावच्या वृद्धांकडून आजही ऐकावयास मिळतात.

या कामांत त्रुटीही पुष्कळ होत्या. मजुरी अपुरी असे, ती वेळेवर मिळत नसे, हजेरीपटात गैरप्रकार होत आणि फोडलेल्या खडीचे ढीग अनेक ठिकाणी तसेच पडून राहत. मजुरांनी मोर्चे काढले. डाव्या आणि समाजवादी पक्षांनी त्यांचे प्रश्न लावून धरले. या दबावाचाही पुढील धोरणात वाटा आहे, हे आपण विसरता कामा नये. तरीही एवढ्या भीषण दुष्काळात मोठ्या प्रमाणावर भूकबळी टळले, याचे श्रेय अभ्यासक मुख्यतः या कामांना देतात.

२.४ दुष्काळी कामापासून रोजगार हमीपर्यंत

दुष्काळी काम सरकार काढते तेव्हा निघते आणि बंद करते तेव्हा बंद होते. मजुराच्या हाती त्यात काहीही नसते. पाऊस बरा झाला तरी माघ-फाल्गुनानंतर कोरडवाहू गावात काम नसतेच. त्या नेहमीच्या बेकारीचे काय? या प्रश्नाचा विचार विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे हे दुष्काळाच्या आधीपासून करीत होते. १९६५ मध्ये त्यांच्या प्रेरणेने सांगली जिल्ह्यातील तासगाव तालुक्यात या दिशेने एक लहान प्रयोग झाला. ती कल्पना वसंतरावांनी उचलून धरली आणि १९७२ मध्ये रोजगार हमी योजना राज्यासाठी जाहीर झाली. कल्पना पागे यांची आणि तिच्यामागचे राजकीय बळ मुख्यमंत्र्यांचे, असा हा योग होता.

पैशाचा प्रश्न १९७५ च्या व्यवसाय करामुळे बऱ्याच अंशी सुटला. शहरातील नोकरदार आणि व्यावसायिक यांच्याकडून आलेल्या करातून खेड्यातील मजुराच्या कामाची तरतूद होऊ लागली. १९७७ मध्ये विधिमंडळाने रोजगार हमीचा कायदा संमत केला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो अमलात आला. काम मागितल्यावर पंधरा दिवसांत ते न मिळाल्यास बेकारी भत्ता देण्याची तरतूद त्यात होती. काम मागणे ही याचना न राहता तो हक्क झाला. २००५ मध्ये संसदेने देशासाठी ग्रामीण रोजगार हमीचा कायदा केला, तेव्हा महाराष्ट्राचा हा अनुभव समोर होता.

२.५ अखेरचा काळ

मुख्यमंत्रिपद सोडल्यानंतर १९७७ च्या निवडणुकीत वसंतराव वाशीम मतदारसंघातून लोकसभेवर निवडून आले. रोजगार हमीचा कायदा अमलात आला त्या वर्षी ते वाशीमचेच प्रतिनिधी होते. १८ ऑगस्ट १९७९ रोजी सिंगापूर येथे त्यांचे निधन झाले. त्यांचा जन्मदिवस राज्यात कृषिदिन म्हणून पाळला जातो. अकोल्यातून वेगळा होऊन वाशीम जिल्हा अस्तित्वात आला तो दिवसही १ जुलै, वर्ष १९९८.

वाशीम पुढे देशातील आकांक्षित जिल्ह्यांच्या यादीत समाविष्ट झाला, म्हणजे विकासाचा अनुशेष येथे अद्याप आहे. हमीच्या कामाने माणूस जगतो. परंतु त्याच्या मुलाला कौशल्य आणि बारमाही उत्पन्न मिळेलच असे नाही. शिकलेल्या तरुणाच्या बेकारीला तर या कायद्यात उत्तरच नव्हते. ही मर्यादा नोंदवूनही एक गोष्ट मान्य करावी लागते. ज्या समाजाचे काम हिरावले गेले तेव्हा त्याची विचारपूस करणारे कोणी नव्हते, त्याच समाजातील मुख्यमंत्र्याच्या काळात काम देण्याची जबाबदारी शासनाने स्वीकारली.

३. सारांश

वसंतराव नाईक यांचा जन्म व्यवसाय गमावलेल्या समाजात झाला. शेतीच्या विकासातून काम निर्माण करण्याचा त्यांनी प्रयत्न केला. १९७२ च्या दुष्काळाने त्या मार्गाच्या मर्यादा दाखविल्या. वि. स. पागे यांच्या कल्पनेला त्यांनी दिलेल्या पाठबळातून रोजगार हमी योजना आकारास आली आणि पुढे तिला कायद्याचे रूप मिळाले.

४. स्वयं-अध्ययनासाठी प्रश्न

१. बंजारा समाजाचा पारंपरिक व्यवसाय कोणत्या कारणांनी बुडाला?
२. १९७२ च्या दुष्काळात शेतकरीही मजूर का झाला, ते स्पष्ट करा.
३. दुष्काळी काम आणि रोजगार हमी यांतील फरक सोदाहरण लिहा.
४. आपल्या गावातील एखाद्या ज्येष्ठ व्यक्तीकडून दुष्काळी कामाची माहिती मिळवून २०० शब्दांत टिपण लिहा.