गामा पैलवान : दहाव्या वर्षापासून पन्नाशीपर्यंतची मेहनत

अंगकाठीने किरकोळ असलेल्या मुलाने छाती पुढे काढली की त्याला थट्टेने गामा म्हणण्याची रीत आपल्याकडे अनेक वर्षे होती. अशी थट्टा करणाऱ्यांपैकी किती जणांना मूळ गामांविषयी माहिती असेल, हा प्रश्नच आहे. गुलाम मोहम्मद बक्ष उर्फ गामा पैलवान यांचे चरित्र बहुतेक वेळा त्यांच्या कुस्त्यांच्या निकालांपुरतेच सांगितले जाते. प्रत्यक्षात ते एका माणसाने निरनिराळ्या वयांत आपले बळ कसे कमावले, कसे टिकवले आणि त्यासाठी त्याला कोणाकोणाचा आधार लागला याचेही चरित्र आहे. गामांना बलवान करण्यात त्यांच्या शरीराइतकाच त्यांच्या खुराकाचा खर्च उचलणाऱ्यांचा वाटा होता आणि हा आधार तुटल्यावर काय झाले तेही त्यांच्याच आयुष्यात दिसते.

गामा यांचा जन्म २२ मे १८७८ रोजी झाला असे सर्वसाधारणपणे मानले जाते. पंजाबातील अमृतसर परिसराशी नाते असलेले त्यांचे घराणे काश्मिरी मुस्लिम पैलवानांचे होते. वडील मोहम्मद अझीझ बक्ष हे दतिया संस्थानाच्या पदरी असलेले नावाजलेले मल्ल होते. गामा जेमतेम पाच-सहा वर्षांचे असताना वडिलांचे निधन झाले. त्यानंतर आजोळचे नून पैलवान यांनी आणि त्यांच्या मृत्यूनंतर मामा इदा पैलवान यांनी या मुलाला तालमीत वाढवले. वडिलांच्या जागी मुलाला तयार करायचे हा संकल्प कुटुंबाने सोडला नाही.

या वयातील त्यांच्या मेहनतीचे स्वरूप मुद्दाम लक्षात घेण्याजोगे आहे. लहानग्या गामाला जोर आणि बैठका दिल्या जात, त्यांची संख्या हळूहळू वाढवली जाई आणि हौदा खणून माती मऊ करण्याचे काम करून घेतले जाई. आहारात दूध, बदाम आणि फळांचा रस असे. मांसाहार पुढे, वय वाढल्यावर सुरू झाला. मोठ्या मल्लांशी झुंजवण्याची घाई वस्तादांनी केली नाही. मुलांनी ताकदीचा व्यायाम केला तर उंची खुंटते, हा समज आजही अनेक घरांत आहे. जाणकारांच्या देखरेखीखाली, झेपेल इतक्या भाराने केलेल्या व्यायामाने असे होत नाही, हे आधुनिक वैद्यकाने स्पष्ट केले आहे. आपल्या वाढत्या शरीराचाच भार उचलायला लावणारी जुन्या तालमींची पद्धत या निष्कर्षाला फारशी दूर नव्हती.

मात्र त्याच बालपणात एक असा प्रसंग घडला, ज्याचे अनुकरण कोणी करू नये. १८८८ च्या सुमारास जोधपूरचे महाराज जसवंतसिंह यांनी देशभरच्या मल्लांसाठी स्पर्धा भरवली. चारशेहून अधिक पैलवान तेथे जमले होते आणि त्यात बैठकांची चढाओढ ठेवण्यात आली होती. एकेक मल्ल थकून बाजूला होत गेला. शेवटच्या पंधरा जणांत दहा वर्षांचा गामा अजून बैठका मारत होता. महाराजांनी त्याला विजेता घोषित केले. त्यानंतर हा मुलगा आठवडाभर अंथरुणाला खिळून होता, असे त्याच्या चरित्रात सांगितले जाते. अति श्रमाने स्नायूंच्या पेशी फुटतात आणि त्यांतील द्रव्ये रक्तात मिसळून मूत्रपिंडांवर ताण येतो, हे आज आपल्याला माहीत आहे. बक्षिसाच्या गोष्टीत हा आठवडा सहसा गाळला जातो.

जोधपूरच्या कीर्तीमुळे दतियाच्या महाराजांनी गामांना आपल्या आश्रयाखाली घेतले. तेथून पुढची पंधरा-वीस वर्षे म्हणजे त्यांच्या शरीराच्या जडणघडणीचा खरा काळ होय. भर तारुण्यात ते दररोज पाच हजार बैठका आणि तीन हजार जोर काढत, असे सांगितले जाते. मिनिटाला पंचवीस बैठका धरल्या तरी पाच हजारांना न थांबता तीन तास वीस मिनिटे लागतात. हा आकडा रोजचा होता की कधीमधीचा, याबद्दल शंका घेण्यास जागा आहे. पण मेहनत अफाट होती यात शंका नाही. शिवाय इतक्या बैठकांनी मुख्यतः दम आणि मांड्यांची चिवटी वाढते. ताकद वाढवण्यासाठी भार वाढवावा लागतो आणि तो भार गामांना दोन मार्गांनी मिळत होता. पहिला, आखाड्यात रोज एकामागून एक उभे राहणारे चाळीसेक जोडीदार. दुसरा, हसली, म्हणजे गळ्यात अडकवून बैठका मारण्याचे वजनदार कडे. गामांची म्हणून दाखवली जाणारी ९५ किलो वजनाची हसली पतियाळा येथील राष्ट्रीय क्रीडा संस्थेच्या संग्रहालयात आहे.

बडोद्याच्या सयाजीबागेतील संग्रहालयात त्यांच्या नावाचा एक दगडही आहे. २३ डिसेंबर १९०२ रोजी गामांनी तो उचलून काही पावले नेला, अशी त्याची ख्याती असून त्याचे वजन १,२०० किलो असल्याचे सांगतात. आजचे जगज्जेते ताकदवीर लोखंडी दांड्याला चकत्या लावून जमिनीवरून उचलतात ते वजन पाचशे किलोच्या आसपास असते, आणि तेही केवळ कमरेपर्यंत. तेव्हा बडोद्याच्या दगडाची कथा आदराने ऐकावी, पण वजनाचा आकडा जसाच्या तसा स्वीकारू नये. चोवीस वर्षांच्या त्या तरुणाने एखादा प्रचंड दगड हलवला असेल, एवढे मानायला हरकत नसावी.

त्या काळी हिंदुस्थानातील अव्वल मल्ल म्हणून गुजराँवालाचे रहीम बक्ष सुलतानीवाले यांचा दबदबा होता. ते वयाने मोठे आणि जवळजवळ सात फूट उंच. गामांची उंची पाच फूट सात इंच. दोघांची कुस्ती तासन्‌तास चालली आणि बरोबरीत सुटली. नंतरच्या लढतीही निकाली झाल्या नाहीत. पण या बरोबरीनेच गामांचे नाव सर्व संस्थानांत पोहोचले.

१९१० मध्ये एका प्रवर्तकाच्या पुढाकाराने आणि बंगालमधील धनिक शरदकुमार मित्र यांच्या खर्चाने गामा व त्यांचे धाकटे बंधू इमाम बक्ष इंग्लंडला गेले. उंची कमी असल्याच्या कारणावरून गामांना तेथील स्पर्धेत प्रवेश नाकारण्यात आला. तेव्हा कोणत्याही वजनाच्या तीन मल्लांना अर्ध्या तासात चीत करण्याचे आव्हान त्यांनी जाहीर केले. सुरुवातीला लोकांना ही बतावणी वाटली. अमेरिकेचे डॉ. बेंजामिन रोलर आव्हान स्वीकारून पुढे आले आणि एकाच लढतीत दोनदा चितपट झाले. पुढे १० सप्टेंबर १९१० रोजी लंडनच्या शेफर्ड्‌स बुश भागातील स्टेडियममध्ये पोलंडचे स्टॅनिस्लॉस झ्बिस्को यांच्याशी गामांची गाठ पडली. झ्बिस्को वजनाने बरेच भारी होते. आरंभीच खाली आल्यावर त्यांनी गादीला घट्ट चिकटून राहण्याचे धोरण पत्करले आणि अडीच तासांहून अधिक काळ गामा त्यांना उलथवण्याचा प्रयत्न करत राहिले. कुस्ती अनिर्णित राहिली. आठवड्याने, १७ सप्टेंबरला ठरलेल्या फेरकुस्तीला झ्बिस्को आलेच नाहीत आणि जॉन बुल पट्टा गामांना बहाल करण्यात आला. त्या वेळी गामा बत्तीस वर्षांचे होते. सलग अडीच तास आक्रमण करण्याइतका दम हे बालपणापासूनच्या बैठकांचे फळ म्हणावे लागेल.

स्वदेशी परतल्यावर अलाहाबाद येथे रहीम बक्ष यांच्याशी अखेरची कुस्ती झाली. बरगडीला दुखापत झाल्याने रहीम बक्ष यांना माघार घ्यावी लागली आणि रुस्तुम-ए-हिंद हा किताब गामांकडे आला. याच घराण्याचा कोल्हापूरशीही संबंध आहे. राजर्षी शाहू महाराजांनी उभारलेल्या खासबाग मैदानाचे १९१२ मध्ये उद्‌घाटन झाले, तेव्हा तेथे इमाम बक्ष यांची कुस्ती झाली होती.

यानंतरची वर्षे चरित्रकार भराभर ओलांडतात, कारण गामांशी लढायला तयार होणारे मल्लच कमी होत गेले. एखादा खेळाडू अशा काळात शरीराकडे दुर्लक्ष करतो. गामांनी तालीम सोडली नाही. पतियाळाचे महाराज भूपिंदरसिंह यांच्या आश्रयामुळे त्यांना आखाडा, जोडीदार आणि खुराक यांची ददात पडली नाही. याच महाराजांनी झ्बिस्को यांना पुन्हा आमंत्रण दिले. झ्बिस्कोही पन्नाशीच्या आसपास होते, पण उतरणीला लागलेले मल्ल म्हणून त्यांची उपेक्षा करता येणार नाही. १९२० च्या दशकात ते अमेरिकेत दोनदा जगज्जेते ठरले होते.

जानेवारी १९२८ मध्ये पतियाळाला हजारोंच्या समुदायासमोर ही कुस्ती झाली. या वेळी गादीऐवजी माती होती. सलामी झडली आणि एका मिनिटाच्या आत झ्बिस्को यांची पाठ मातीला लागली. लंडनला अडीच तासांत जे झाले नाही ते साडेसतरा वर्षांनी काही सेकंदांत झाले. मातीचा लाभ गामांना मिळाला, हे मान्य करायला हवे. गादीला चिकटून राहण्याची पूर्वीची युक्ती सुचण्याआधीच कुस्ती संपली. तरीही हा निकाल विचार करायला लावतो. तिशीनंतर माणसाचे स्नायू हळूहळू झिजू लागतात आणि त्यातही झटक्याने जोर लावणारे तंतू अधिक लवकर क्षीण होतात. पन्नाशीच्या मल्लाचा दम टिकणे समजू शकते; वीज चमकावी तसा डाव साधणे ही वेगळी गोष्ट आहे. एकही वर्ष खंड न पडू दिलेल्या मेहनतीशिवाय त्याचे अन्य स्पष्टीकरण देता येत नाही. पुढल्या वर्षी, १९२९ मध्ये, त्यांनी पीटरसन या पाश्चात्त्य मल्लालाही अल्पावधीत हरवले.

येथे वयाविषयी एक गोष्ट सांगणे अप्रस्तुत ठरणार नाही. पन्नाशीत बळ टिकते ते फक्त गामांसारख्यांचेच, असे नाही. १९९० मध्ये अमेरिकेत नव्वदीच्या घरातील, वृद्धाश्रमात राहणाऱ्या दहा अशक्त व्यक्तींना आठ आठवडे पायांचा भारव्यायाम देण्यात आला. त्यांच्या पायांची ताकद दुपटीहून अधिक झाली. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शक सूचनांमध्ये प्रौढांना आणि वृद्धांना आठवड्यातून किमान दोन दिवस स्नायू बळकट करणारा व्यायाम सांगितला आहे. तालमीत न गेलेल्या माणसालाही उशिरा सुरुवात करता येते, असा याचा अर्थ. गामांचे वेगळेपण उशिरा सुरुवात करण्यात नव्हते, चाळीस वर्षे न थांबण्यात होते.

१९४७ च्या फाळणीनंतर गामा लाहोरचे रहिवासी झाले. दंगलीच्या दिवसांत आपल्या मोहल्ल्यातील हिंदू कुटुंबांच्या रक्षणासाठी ते साथीदारांसह उभे राहिले, असे त्यांच्याविषयी आदराने सांगितले जाते. वय सत्तरीला टेकले होते. पण दतिया किंवा पतियाळासारखे दरबार आता त्यांच्या मागे नव्हते. रोजचे दूध, तूप, बदाम, तालमीचा खर्च, चाळीस जोडीदारांचे पोट हे सगळे दरबाराच्या तिजोरीतून चालत होते. पैलवानाच्या स्वतःच्या मिळकतीतून ते चालणे शक्य नव्हते. मुलगे त्यांच्या हयातीतच दगावले होते. दमा आणि हृदयविकाराने शरीर पोखरले. औषधपाण्याचीही ओढाताण होऊ लागली, तेव्हा पाकिस्तान सरकारने काही मदत केली आणि सीमेच्या अलीकडून उद्योगपती घनश्यामदास बिर्ला यांनी रक्कम पाठवून दरमहा वेतन सुरू केले. दोन्ही देशांत कटुता असताना एका वृद्ध मल्लासाठी सुरू झालेल्या या मदतीची नोंद भारतीय वाचकांनी घ्यावी अशीच आहे.

२३ मे १९६० रोजी लाहोरमध्ये गामा यांचे निधन झाले. त्या वेळी ते ८२ वर्षांचे होते. घराण्याचा आखाडा इमाम बक्ष यांच्या मुलांनी पुढे चालवला. त्यांतील थोरले भोलू पैलवान यांना पाकिस्तानात रुस्तुम-ए-पाकिस्तान हा किताब मिळाला होता.