बाळ रडले का?

बाप्तिस्म्यासाठी आणलेले बाळ कपाळावर पाणी पडताच टाहो फोडते, तेव्हा चर्चमधली सगळी मंडळी हसतात. बाळाच्या आईला मात्र त्या आवाजाचे मोल ठाऊक असते. बाळंत होताच तिने पहिला प्रश्न तोच विचारलेला असतो : बाळ रडले का? घरात प्रसूतिगृहाचे कार्ड जपून ठेवले असेल तर जरूर काढून पाहा. अनेक कार्डांवर बाळाच्या वजनाच्या आसपास ‘ॲपगार’ असा शब्द आणि पुढे आठ किंवा नऊ असा आकडा सापडेल. आम्हालाही बरीच वर्षे ते एखाद्या तपासणीचे नाव वाटत असे. प्रत्यक्षात ते एका बाईंचे आडनाव आहे.

व्हर्जिनिया ॲपगार ह्यांचा जन्म 7 जून 1909 रोजी अमेरिकेत, न्यू जर्सी राज्यातील वेस्टफिल्ड येथे झाला. एक भाऊ लहानपणीच क्षयाने गेला, दुसरा कायम आजारी. डॉक्टर व्हायचे हे बहुधा त्या घरातच ठरले असावे. पैशांची चणचण होती. कॉलेजात असताना त्यांनी मिळेल ते काम केले, अगदी प्राणिशास्त्राच्या प्रयोगशाळेसाठी मांजरी पकडण्याचेसुद्धा! 1933 मध्ये त्या न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठातून डॉक्टर झाल्या, त्या डोक्यावर कर्ज घेऊनच.

त्यांना सर्जन व्हायचे होते. हात चांगला होता, पण त्यांचे वरिष्ठ डॉ. ॲलन व्हिपल ह्यांनी त्यांना त्यापासून परावृत्त केले. मंदीचे दिवस होते, आणि बाई सर्जनकडे रोगी येत नाहीत हे त्यांनी पाहिले होते. त्यांनी भूल देण्याचे शास्त्र शिकण्याचा सल्ला दिला. तेव्हा अमेरिकेत हे काम बहुतेक नर्सच करीत आणि डॉक्टर मंडळी त्याला दुय्यम समजत. ॲपगारबाईंनी ते शिकून घेतले आणि 1938 पासून आपल्या जुन्या इस्पितळात तो विभाग अकरा वर्षे उभा केला. 1949 मध्ये त्याला स्वतंत्र खात्याचा दर्जा मिळाला, तेव्हा प्रमुखपद दिले गेले एका पुरुष डॉक्टरांना. बाईंना प्राध्यापकपद मिळाले. त्या कॉलेजातील त्या पहिल्या पूर्ण प्राध्यापिका. पण खुर्ची गेली ती गेलीच. आमच्या मते हा अन्यायच होता. मात्र त्यामुळे कारभाराच्या कामातून मोकळ्या होऊन त्या बाळंतिणींच्या खोलीकडे वळल्या.

तिथे त्यांना दिसले ते असे. बाळ बाहेर आले की सगळ्यांचे लक्ष आईकडे. आईची नाडी, आईचा रक्तस्राव, आईची भूल. ते योग्यच होते, पण बाळ कोणाचे रोगी? निळे पडलेले, श्वास न घेणारे बाळ कधी कधी मृत समजून बाजूला ठेवले जाई. त्यातली काही बाळे थोड्या मदतीने वाचली असती.

नवजात बाळाची प्रकृती कशी ओळखावी, असे एका विद्यार्थ्याने त्यांना इस्पितळाच्या कॅन्टीनमध्ये नाश्ता करताना विचारले. त्यांनी हाताशी आलेल्या कागदावर पाच गोष्टी लिहून दिल्या आणि लगेच त्या प्रसूतिकक्षात पडताळून पाहायला धावल्या. हृदयाचे ठोके, श्वास, अंगातला जोर, डिवचल्यावर मिळणारा प्रतिसाद आणि कातडीचा रंग. प्रत्येकाला शून्य, एक किंवा दोन गुण. ठोके मिनिटाला 100 च्या वर असले की दोन, त्याखाली एक, ठोकेच नसले तर शून्य. जन्मानंतर एका मिनिटाने हे पाहायचे. पुढे पाच मिनिटांनी पुन्हा पाहण्याची पद्धत आली. 1952 मध्ये त्यांनी ही रीत परिषदेत मांडली, 1953 मध्ये ती छापून आली. गुण देणारी व्यक्ती बाळंतपण करणारी नसावी असा त्यांचा आग्रह होता. आपल्या हातून जन्मलेल्या बाळाला कोण कमी गुण देईल?

ह्यात यंत्र लागत नाही, पैसा लागत नाही. लागते ते एवढेच, की कोणीतरी बाळाकडे नीट पाहिले पाहिजे.

इथे एक खुलासा करायला हवा. कमी गुण मिळाले म्हणजे मूल मंद निघणार, असे मुळीच नाही. आपल्या बायकांनी ही धास्ती घेऊ नये. आणि आता श्वास न घेणाऱ्या बाळाला मदत करायला डॉक्टर त्या एका मिनिटाचीही वाट पाहत नाहीत. सावळ्या बाळांच्या बाबतीत कातडीचा रंग फसवा ठरू शकतो, म्हणून ओठ आणि जीभ पाहतात.

ह्या गुणांच्या आधारे ॲपगारबाईंनी सहकाऱ्यांसह बाळांच्या रक्ताची तपासणी केली. जन्मताना रक्तात प्राणवायू कमी असणे स्वाभाविकच, असा तेव्हा समज होता. तो चुकीचा ठरला. आणखी एक गोष्ट कळली. सायक्लोप्रोपेन नावाचा भुलीचा वायू आईला दिला की बाळ मलूल जन्मते. हा वायू बाईंच्या विशेष आवडीचा होता. पुरावा हाती येताच त्यांनी बाळंतपणात तो वापरणे बंद केले. स्वतःच्या हातून वर्षानुवर्षे झालेली चूक इतक्या सरळपणे मान्य करणारी माणसे थोडीच.

पन्नाशीच्या उंबरठ्यावर त्या पुन्हा विद्यार्थिनी झाल्या, 1959 मध्ये सार्वजनिक आरोग्याची पदवी घेतली आणि ‘मार्च ऑफ डाइम्स’ ह्या संस्थेत जन्मजात व्यंगांच्या कामाला लागल्या. गावोगावी फिरून त्या आईबापांशी बोलत. 1964-65 मध्ये अमेरिकेत रुबेलाची मोठी साथ आली आणि गरोदर स्त्रियांना झालेल्या त्या साध्या तापापुरळाने हजारो बाळे बहिरी, अंध किंवा हृदयदोष घेऊन जन्मली. अशा व्यंगांची लाज बाळगू नका, कारणे शोधा, हे त्या लोकांना पटवीत राहिल्या. रुबेलाची लस 1969 मध्ये आली. आपल्याकडे 2017 पासून गोवरासोबत ती मुलांना सरकारी मोहिमेतून मिळू लागली.

बाई गंभीर चेहऱ्याच्या नव्हत्या. व्हायोलिन, चेलो वाजवीत, आणि एका मैत्रिणीकडून वाद्ये बनवायलाही शिकल्या. इस्पितळातल्या टेलिफोनच्या खोलीतली फळी व्हियोलासाठी फार छान आहे, असे त्या मैत्रिणीला वाटले. मग दोघींनी एका रात्री गुपचूप ती काढून नेली आणि जागी दुसरी बसवली! (हे काही अनुकरणीय नाही, पण आम्हाला सांगितल्यावाचून राहवले नाही.)

7 ऑगस्ट 1974 रोजी, ज्या इस्पितळात त्या घडल्या तिथेच त्यांचे निधन झाले. 1994 मध्ये अमेरिकेने त्यांचे तिकीट काढले. त्या वेळी बालरोगतज्ज्ञांच्या मेळाव्यात काही डॉक्टरांनी त्यांनीच बनवलेल्या वाद्यांवर संगीत वाजवले. त्यात त्या फळीचा व्हियोलाही होता.