सत्तावन्न हजार फोटो, तिकीट तीन आणे

दादासाहेब फाळके हे नाव आपल्या मंडळातल्या लहान मुलांनाही माहीत आहे. शाळेच्या सामान्यज्ञानात ते येते आणि दरवर्षी त्यांच्या नावाचा पुरस्कार जाहीर झाला की टीव्हीवरही येते. पण या माणसाच्या आयुष्यात आपल्या सुरतेचाही एक दिवस आहे, आणि तो फक्त तीन रुपयांचा आहे, हे मला निवृत्त झाल्यावर, वाचायला सवड मिळाली तेव्हा कळले. आपण गुजरातेत राहणारी मराठी माणसे. म्हणून त्यांच्या चरित्रातला गुजरातचा भाग मी इथे जरा सविस्तर सांगणार आहे. मुंबईचा भाग बहुतेकांना ठाऊक असतो.

धुंडिराज गोविंद फाळके यांचा जन्म ३० एप्रिल १८७० रोजी त्र्यंबकेश्वरला, ब्रह्मगिरीच्या पायथ्याशी झाला. वडील दाजीशास्त्री संस्कृतचे पंडित होते. त्यांना मुंबईच्या विल्सन कॉलेजात नोकरी मिळाली आणि कुटुंब मुंबईला आले. मुलाचा ओढा चित्रकलेकडे होता, तेव्हा १८८५ मध्ये तो जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये दाखल झाला. पुढे थोरल्या भावामागोमाग तो बडोद्याला गेला. १८९० मध्ये सयाजीराव महाराजांच्या आश्रयाने तिथे कलाभवन सुरू झाले होते आणि धुंडिराज त्यात शिकू लागला.

कलाभवनाचे प्रमुख होते प्राध्यापक त्रिभुवनदास गज्जर, मोठे रसायनशास्त्रज्ञ आणि जन्माने सुरतचे. या सुरती माणसाने त्र्यंबकेश्वरच्या या विद्यार्थ्यातली धडपड ओळखली आणि संस्थेचा फोटो स्टुडिओ व ग्रंथालय त्याला मोकळे करून दिले. पहिला कॅमेरा फाळक्यांनी याच काळात घेतला. फोटो काढणे, काच धुणे, ठसे बनवणे, छपाई, सगळे ते इथे शिकले. १८९२ च्या अहमदाबादच्या औद्योगिक प्रदर्शनात त्यांनी नाट्यगृहाचा नमुना मांडला आणि त्याला सुवर्णपदक मिळाले.

मग धंदा म्हणून त्यांनी गोध्र्याला स्टुडिओ थाटला. तिथे प्लेगने घात केला. १९०० च्या सुमारास पत्नी आणि मूल दोघेही गेले. फाळके बडोद्याला परतले आणि पुन्हा कॅमेरा लावून बसले, पण गिऱ्हाईक येईना. फोटो काढला की अंगातली शक्ती कॅमेरा ओढून घेतो आणि माणूस लवकर मरतो, अशी लोकांची समजूत होती. ज्याच्या घरातली दोन माणसे नुकतीच गेली, त्याने रोज हे ऐकून घ्यायचे. आज आपण जेवणाच्या ताटाचाही फोटो काढतो, म्हणून हे मुद्दाम सांगितले.

१९०२ मध्ये त्यांचे दुसरे लग्न झाले. सरस्वतीबाई घरात आल्या आणि पुढच्या सगळ्या उपद्व्यापात बरोबरीने राबल्या. पुरातत्त्व खात्यातली नोकरी, स्वदेशीच्या चळवळीत तिचा राजीनामा, लोणावळ्याला राजा रविवर्म्यांच्या चित्रांच्या छपाईचे काम, स्वतःचा छापखाना, भागीदारांशी बेबनाव, हे सगळे पुढच्या आठ-दहा वर्षांत झाले. १९११ च्या ईस्टरला मुंबईत त्यांनी ख्रिस्ताच्या जीवनावरचा सिनेमा पाहिला आणि आपल्या देवादिकांची चित्रे अशीच हलती करायची असे मनाशी ठरवले. दिवसरात्र प्रयोग करून डोळे इतके बिघडले की काही काळ दिसेनासे झाले.

पुढचा भाग माझ्यासारख्या बँकवाल्याच्या जिव्हाळ्याचा आहे. विलायतेला जायला पैसे नव्हते. त्यांच्याकडे बारा हजारांची विमा पॉलिसी होती, ती गहाण ठेवून त्यांनी दहा हजार उभे केले. आमच्या काळी अशा कर्जाचा अर्ज माझ्या टेबलावर आला असता, आणि उद्देश म्हणून सिनेमाचा कॅमेरा आणणे असे लिहिलेले असते, तर मी तो वर पाठवला असता का, हे मला प्रामाणिकपणे सांगता येत नाही. फेब्रुवारी १९१२ मध्ये ते लंडनला गेले, यंत्र घेऊन एप्रिलमध्ये परतले. सावकाराला पटवायला त्यांनी वाटाण्याच्या रोपाची वाढ टिपली. कुंडीसमोर कॅमेरा ठेवून एकेक चित्र घेत महिनाभर बसायचे आणि मग सगळी मिनिटभरात फिरवून दाखवायची. हलते चित्र म्हणजे शेवटी फोटोंची रांग, हे त्यांनी असे डोळ्यांपुढे मांडले आणि भांडवल मिळवले.

'राजा हरिश्चंद्र' ३ मे १९१३ रोजी गिरगावच्या कॉरोनेशनमध्ये लागला आणि चालला. त्यानंतर तो सुरतेला आला. पहिल्या दिवशीचा गल्ला जेमतेम तीन रुपये झाला, असे चरित्रकार सांगतात. थिएटरवाल्याचे म्हणणे असे होते की लोक दोन आण्यांत सहा तासांचे नाटक पाहतात, दीड तासाच्या खेळाला तीन आणे कोण देईल? खेळ लांबवा, नाहीतर दर उतरवा. फाळक्यांनी यातले काहीच केले नाही. त्यांनी फक्त जाहिरात बदलली. सत्तावन्न हजार फोटोंचा, दोन मैल लांबीचा खेळ अवघ्या तीन आण्यांत! सुरतेचे गिऱ्हाईक मालाची लांबी विचारते, हे त्यांनी बरोबर हेरले. गल्ला तीनशेवर गेला.

सवयीने मी हा आकडा तपासला. चित्रपट सुमारे ३,७०० फूट लांब होता. एका फुटात सोळा चित्रे बसतात, म्हणजे एकूण ५९,२०० झाली. सत्तावन्न हजार हा आकडा अगदी प्रामाणिक आहे. दोन मैल मात्र नाहीत, पाऊण मैलही भरत नाही. पण गिऱ्हाईक मापायला आले नाही.

त्या सत्तावन्न हजार फोटोंचे पुढे काय झाले? मूळ प्रत गावोगाव बैलगाडीतून फिरताना उन्हाने पेटली आणि फाळक्यांनी १९१७ मध्ये चित्रपट पुन्हा घेतला, असे सांगतात. तेव्हाची फिल्म नायट्रेटची, म्हणजे दारूगोळ्याची सख्खी बहीण. शंभरावर लहानमोठे चित्रपट काढलेल्या या माणसाचे फारच थोडे काम उरले आहे. बोलपट आले तसे ते मागे पडले. १९३७ चा 'गंगावतरण' हा शेवटचा, आणि १६ फेब्रुवारी १९४४ रोजी नाशिकला ते वारले, तेव्हा दिवस हलाखीचेच होते.

१९६४ मध्ये पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय सुरू झाले. तिथले पी. के. नायर यांनी फाळक्यांच्या घरच्यांकडून उरलीसुरली रिळे मिळवली. 'हरिश्चंद्र'चे पहिले आणि शेवटचे रीळ हाती लागले, मधली दोन नाहीत. जे उरले ते १९१३ चे की १९१७ चे, यावर जाणकारांत अजून वाद आहे. जानेवारी २००३ मध्ये पुण्याला नायट्रेट फिल्मच्या साठ्याला आग लागली. आधी दुसऱ्या फिल्मवर प्रती काढून ठेवल्या होत्या, म्हणून आज आपण तारामतीच्या वेशातले साळुंके पाहू शकतो. 'कालिया मर्दन' तर बराचसा शाबूत आहे, त्यात फाळक्यांची मुलगी मंदाकिनी कृष्ण झाली आहे.

हे वाचताना मला ऑगस्ट २००६ आठवला. तापीचे पाणी आमच्या तळमजल्यात शिरले आणि कपाटातले चारही अल्बम गेले. पाणी ओसरल्यावर फोटो एकमेकांना घट्ट चिकटले होते. मी ते सुकेच ओढले आणि चेहरे उतरून आले. स्वच्छ गार पाण्यात ठेवून हळूहळू सोडवले असते तर काही वाचले असते, हे नंतर कळले. वडील सुरतेला आले त्या वर्षांचा एकही कागद घरात उरला नाही.

मागच्या दिवाळीत नाशिकच्या आतेबहिणीने माळ्यावरचे एक पाकीट दिले. वडिलांनीच कधीतरी आत्याला पाठवलेला फोटो त्यात आहे. सुरतेतल्या गणेशोत्सवाचा गट आहे, दोन रांगांत चौदा माणसे. मागे शाईने फक्त सुरत एवढेच लिहिले आहे. नऊ जण आम्ही ओळखले. मागच्या रांगेत डावीकडून तिसरे, काळी टोपी घातलेले, आणि पुढे बसलेली चार मुले कोण हे कळत नाही. फोटो मंडळाच्या कार्यालयात भिंतीवर लावला आहे. आपल्या घरातल्या वडीलधाऱ्यांना रविवारी संध्याकाळी घेऊन या. शेजारी वही ठेवली आहे, त्यात नाव लिहा.