कंदिलाची काच

नाशिकजवळचे जलालपूर आणि आपल्या परभणी जिल्ह्यातले गंगाखेड ही दोन्ही गावे गोदावरीच्या काठावरची. जलालपूरला वाहणारे पाणी पैठण ओलांडून पाथरी, सोनपेठ करीत गंगाखेडला येते. गंगाखेडची जनाबाई तेराव्या-चौदाव्या शतकातली. पंढरपुरात नामदेवांच्या घरी दासी म्हणून राबली आणि दळण-कांडण, शेण-गोवऱ्या करता करताच तिला विठ्ठल सापडला. जलालपूरची मनू गोखले तिच्या कितीतरी शतकांनंतरची. तीही चुलीपाशी, पाण्यापाशी, आजाऱ्याच्या उशाशी आयुष्यभर राबली. तिला तिथे ख्रिस्त सापडला. महाराष्ट्र तिला लक्ष्मीबाई टिळक म्हणून ओळखतो. आपल्याकडचे बहुतेक वाचक त्यांच्याकडे ‘स्मृतिचित्रे’ या विलक्षण आत्मचरित्राची लेखिका म्हणून पाहतात आणि ते योग्यच आहे. पण भाषेचे आणि विनोदाचे कौतुक करता करता त्या पुस्तकामागच्या बाईने देवाचे देणे कसे फेडले, हा प्रश्न बाजूला राहतो. आज त्याविषयी थोडे लिहायचे आहे.

लक्ष्मीबाईंचा जन्म १८६८ सालचा. आईच्या वडिलांना १८५७च्या धामधुमीत इंग्रजांनी फाशी दिले होते. त्या घटनेचा हबका वडिलांनी असा खाल्ला की त्यांच्या डोक्यात सोवळ्याने ठाण मांडले. बाहेरून आलेली वस्तू पाण्यातून काढल्याशिवाय घरात यायची नाही. मीठसुद्धा त्यातून सुटले नव्हते. आज वाचताना हसू येते. पण त्या घरातल्या बायकामुलांच्या वाट्याला रोज आलेले भय, उपास आणि बोलणी आठवली की हसू मावळते. धर्म म्हणजे शिवाशिव, आणि शिवाशिव म्हणजे भीती, हा पहिला धडा या मुलीने लिहायला-वाचायला शिकण्याआधीच गिरवला. पुढे आयुष्यभर तिला हाच धडा पुसायचा होता.

अकरा-बारा वर्षांची असताना, १८८० साली, तिचे लग्न नारायण वामन टिळकांशी झाले. नवरा जन्मजात कवी, व्यासंगी, दिलदार आणि संसाराच्या दृष्टीने पूर्ण बेभरवशाचा. आज या गावी नोकरी, उद्या त्या गावी. घरात सांगून जाईल तर शपथ. सामान आणायला दिलेल्या पैशांतून सामान घरी येईलच असे नाही, आणि दारी आलेला गरजू रिकाम्या हाताने परत जाईल असेही नाही. अख्खी नोकरी बँकेत दुसऱ्यांचे पैसे मोजण्यात घालवलेल्या माझ्यासारख्याला टिळकांच्या या व्यवहाराने घाम फुटतो. असा माणूस कर्ज मागायला आला असता तर मी त्याला चहा पाजला असता आणि अर्ज नामंजूर केला असता. पण त्याच माणसाने बायकोला हाताशी धरून वाचायला शिकवले. मराठी साहित्यावर त्याचे हे कर्ज मोठे आहे.

नागपूरहून राजनांदगावच्या प्रवासात, १८९३च्या सुमारास, आगगाडीच्या डब्यात एका युरोपियन गृहस्थाने टिळकांना नवा करार वाचायला दिला. येशूचे डोंगरावरचे प्रवचन त्यांनी वाचले आणि मनाची पकड बसली. पुढे १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. पत्नीला आधी पुरते कळवलेही नाही. लक्ष्मीबाईंच्या पदरी लहानगा दत्तू होता. त्याच्याआधीची मुले लहानपणीच गेली होती. त्या काळच्या समजुतीप्रमाणे नवरा जिवंत असून मेल्यासारखा झाला. कुंकू पुसायचे की ठेवायचे, हे ठरवायलाही शास्त्र अपुरे पडले.

टिळकांच्या चरित्रकारांना हा प्रसंग अवघड जातो. सत्याच्या शोधात निघालेला माणूस म्हणून ते त्यांची बाजू घेतात, आणि ती घेण्यासारखी आहे. पण ज्याला उजेड दिसला त्याने आपल्या घरात काही वर्षांचा अंधार मागे ठेवला, हेही तितकेच खरे. जवळजवळ पाच वर्षे लक्ष्मीबाई नातलगांच्या आधाराने राहिल्या. काही काळ पंढरपुरातही होत्या. जनाबाईच्या विठोबाच्या गावात. त्या काळात त्यांचे मन वेडाच्या काठापर्यंत गेले. रागही होता, ओढही होती. टिळकांची पत्रे येत होती. सासर-माहेरच्या माणसांनी त्यांना सांभाळले, त्यांच्यासाठी अश्रू ढाळले, त्यांची पाठही राखली. ख्रिस्ती माणसे तेवढी प्रेमळ आणि हिंदू नातलग दुष्ट, असा सोपा हिशेब लक्ष्मीबाईंनी कधी मांडला नाही. त्यांच्या पुस्तकाचे मोठेपण मला इथे सर्वांत जास्त जाणवते.

पुढे त्या टिळकांकडे नगरला, म्हणजे तेव्हाच्या अहमदनगरला आणि आताच्या अहिल्यानगरला, राहायला गेल्या. गेल्या त्या हिंदू म्हणूनच. टिळकांनी त्यांच्या सोवळ्याची व्यवस्था ठेवली आणि धर्म बदलण्यासाठी कधी गळ घातली नाही. आजूबाजूला मिशनची वस्ती, घरात ख्रिस्ती नवरा आणि मध्ये लक्ष्मीबाईंची सोवळ्यातली चूल! कुणी वाद घातला असता तर त्या हरल्या नसत्या. वादात हरण्याचा त्यांचा स्वभावच नव्हता. पण वाद कुणी घातला नाही. त्या फक्त पाहत राहिल्या. आपला नवरा आता पूर्वीसारखा संतापत नाही, हे त्यांनी पाहिले. ज्यांना शिवायचे नाही असे लहानपणापासून ऐकले होते, ती माणसे आपल्या लेकरावर माया करतात, हेही पाहिले.

मग एके दिवशी त्यांनी मनाशी विचार केला. देवाने बाई केली, पुरुष केला. जात केली ती माणसाने. तर मग आपण कुणाचे ऐकायचे? विचार सरळ होता. पण मीठ धुणाऱ्या बापाच्या मुलीला दुसऱ्याच्या हातचे पाणी पिणे विचाराइतके सरळ नव्हते. बुद्धीने घेतलेला निर्णय घशाखाली उतरायला वेळ लागतो. तो त्यांनी उतरवला. बाप्तिस्मा त्यानंतरचा, १९०० सालचा. म्हणजे पाणी आधी प्यायल्या आणि डोक्यावर नंतर घेतले. हा क्रम मला फार महत्त्वाचा वाटतो. धर्मांतराचा विधी अर्ध्या तासात उरकतो. शेजाऱ्याच्या हातचे पाणी पिण्यासाठी मन बदलावे लागते. आपल्या मराठवाड्याला हे समजावून सांगण्याची गरज नाही. एका गावातल्या दोन विहिरी आमच्या पिढीने पाहिल्या आहेत. १९७८ साली नामांतराच्या दिवसांत परभणी-नांदेडच्या खेड्यांतून काय झाले, तेही पाहिले आहे. शिकल्यासवरल्या माणसांच्या मनातला पाण्याचा माठ अजून वेगळा असतो, हेही आपण जाणतो.

यानंतरची लक्ष्मीबाईंची वर्षे बाहेरून पाहिली तर साधी आहेत. व्यासपीठावर उभे राहून धर्मोपदेश करणारी ही बाई नव्हे. तो टिळकांचा प्रांत. १९०४ साली ते पाळक झाले. त्यांनी मराठी ख्रिस्ती मंडळींना अभंग दिले, भजन दिले, कीर्तन दिले. परदेशी चालींवर ओढून-ताणून बसवलेल्या गीतांऐवजी टाळ-मृदंगाच्या नादातली भक्ती चर्चमध्ये आणली. तुकोबांच्या पुलावरूनच आपण ख्रिस्तापर्यंत पोहोचलो, अशी त्यांची भावना होती. हे काम मोठेच. पण अभंगातला देव घरात उतरला की नाही, हे स्वयंपाकघरात ठरत होते आणि तिथे लक्ष्मीबाई होत्या.

१८९९-१९००चा दुष्काळ ज्यांनी भोगला, त्यांच्या आठवणी आपल्या भागातल्या म्हाताऱ्या माणसांच्या तोंडी कालपरवापर्यंत होत्या. त्या आणि पुढच्या वर्षांत पोरकी मुले टिळकांच्या घरी येत राहिली. टिळक मूल घेऊन येत आणि लक्ष्मीबाईंच्या हवाली करून कवितेकडे वळत. त्या मुलाच्या डोक्यातल्या उवा, पोटातली भूक, अंगावरची खरूज आणि रात्रीचे रडणे लक्ष्मीबाईंच्या वाट्याला. त्या कुरकुरत, नवऱ्याला चार शब्द सुनावत आणि पाणी तापवायला ठेवत. प्लेगच्या दिवसांत गावाबाहेरच्या झोपड्यांत राहून त्यांनी रोग्यांची शुश्रूषा केली. ज्या हातांनी कधीकाळी परक्याचे भांडे टाळले, तेच हात आता कुणाचाही मळ काढत होते. त्यांच्या बालपणीच्या अंधाराला दुसरे कोणते उत्तर असू शकत होते?

या घरातली आणखी एक गोष्ट मराठी वाचकाला सांगितली पाहिजे. १९०७ साली जळगावला कविसंमेलन भरले होते. त्यात त्र्यंबक बापूजी ठोमरे नावाचा एक कोवळा पोरगा चमकला आणि टिळकांनी त्याला हेरले. पुढे तो नगरला टिळकांच्या घरी मुलासारखा राहिला. तो हिंदू होता, हिंदूच राहिला. टिळक-लक्ष्मीबाईंनी त्याला जेवू घातले, त्याची लहर सांभाळली, त्याचे रुसवे काढले आणि त्याला कविता लिहू दिली. बालकवींचे वय तिशीच्याही आत होते, तेव्हा मे १९१८मध्ये भादली स्टेशनावर रेल्वेखाली सापडून त्यांचा अंत झाला. त्यांच्या कवितेतले ऊन-पाऊस आपण शाळेपासून घोकत आलो. पण त्या कवीला सावली देणाऱ्या घरात रोजचा स्वयंपाक कोण करीत होते, ते शाळेत कुणी सांगितले नाही. या मुलाला आपल्या धर्मात ओढण्याचा मोह त्या घराने आवरला. प्रेम करावे आणि त्याची पावती मागू नये, ही गोष्ट उपदेशापेक्षा कठीण असते.

१९१७ साली टिळकांनी मिशनची नोकरी सोडली, संन्यस्त वृत्ती धरली आणि साताऱ्याला ‘देवाचा दरबार’ उभा करायला घेतला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघांनाही त्यात जागा होती. बायकोच्या दृष्टीने पाहिले तर हा आणखी एकदा घर मोडण्याचा प्रकार. या वेळी मात्र लक्ष्मीबाई मागे राहिल्या नाहीत. ९ मे १९१९ रोजी मुंबईत टिळक गेले. त्यांच्या इच्छेप्रमाणे देहाचे दहन झाले.

आता लक्ष्मीबाई एकट्या होत्या. वय पन्नाशीचे, शिक्षण जेमतेम, हाती पैसा नाही. मुंबईत मुलींच्या वसतिगृहावर त्यांनी काम केले आणि नंतर मुलाच्या कुटुंबाबरोबर त्या कराचीला गेल्या. टिळकांनी ‘ख्रिस्तायन’ हे ख्रिस्तचरित्राचे महाकाव्य सुरू करून दहा-अकरा अध्यायांवर सोडले होते. ते लक्ष्मीबाईंनी उचलले आणि पुढचे चौसष्ट अध्याय लिहिले. जिला जोडाक्षरे लिहिताना धाप लागे, तिने हे केले! मुलाच्या, म्हणजे देवदत्त टिळकांच्या, आग्रहाने आठवणीही लिहून झाल्या. १९३४ ते १९३६ या काळात ‘स्मृतिचित्रे’ चार भागांत बाहेर पडली. शेवटचा भाग त्यांच्या हातून पुरा झाला नाही. २४ फेब्रुवारी १९३६ रोजी नाशिकला, त्याच गोदावरीच्या काठी, त्यांनी डोळे मिटले.

‘स्मृतिचित्रे’ पुन्हा वाचताना एक गोष्ट जाणवते. धर्माने एवढी उलथापालथ केलेल्या आयुष्याच्या या कहाणीत धर्माचे प्रवचन जवळपास नाही. नवऱ्याचे वेडेपण आहे, तिचे स्वतःचे अडाणीपण आहे, सासऱ्यांचा जाच आहे, उपासमार आहे. आणि कुणाविषयीही विष नाही. ज्यांनी छळले त्यांचीही गंमत त्या सांगतात आणि वाचणाऱ्याला त्या माणसांची दया येते. क्षमा हा शब्द न उच्चारता केलेली ही क्षमा आहे. पुस्तक लाखो हिंदू घरांत वाचले गेले, मुलींना लग्नात भेट म्हणून दिले गेले. ते वाचून कुणाला धर्म बदलावासा वाटला असेल-नसेल, पण घरातल्या माणसांकडे अधिक समजुतीने पाहावेसे निश्चित वाटले.

आमच्या भागात वीज येण्याआधी दिवेलागणीच्या वेळी घरोघरी एक काम असे. कंदिलाची काच काढायची, आदल्या रात्रीची काजळी राखेने आणि फडक्याने पुसायची, काच पुन्हा बसवायची. हे काम बहुधा घरातल्या मुलीकडे असे. उजेड काचेचा नसतो, वातीचा असतो. पण काच काळी झाली तर वात असून खोलीत अंधारच. आणि ती एकदा पुसून भागत नाही. काल पुसली म्हणून आज चालत नाही.

लक्ष्मीबाईंनी आयुष्यभर हेच केले. सोवळ्याची काजळी पुसली, मग नवऱ्यावरच्या रागाची, मग गरिबीच्या कडवटपणाची, मग वैधव्यातल्या एकटेपणाची. उजेड आपला आहे असा दावा त्यांनी केला नाही. परभणी जिल्ह्यात ख्रिस्ती घरे मोजकी. जनाबाईची लेकरे म्हणवणारी घरे असंख्य. दोन्हींकडे संध्याकाळ रोजच होते. दिवा कुठल्या देवापुढचा, हा ज्याचा त्याचा प्रश्न. काच मात्र ज्याची त्यानेच पुसायची असते.