बिअरवाल्यांचे संत आर्नोल्ड

बिअर बनवणाऱ्यांनाही ख्रिस्तसभेत आश्रयदाता संत आहे असे कळले, की लग्नाच्या मांडवात हशा पिकतो आणि कोणीतरी त्या संताच्या नावाने आणखी एक ग्लास भरतो. हशाला आमची हरकत नाही. मात्र त्या संताचे चरित्र आपल्याला माहीत असावे, असे आम्हाला वाटते.

संत आर्नोल्ड यांचा जन्म १०४० च्या सुमारास, आजच्या बेल्जियममधील टीगेम गावी झाला. तरुणपणी ते फ्रान्सच्या राजाच्या सैन्यात लढले. पुढे तलवार खाली ठेवून त्यांनी सोइसाँ येथील बेनेडिक्टाईन मठात प्रवेश केला आणि सुमारे तीन वर्षे एकांतवासात काढली. मठाधिपतीपद मिळू लागताच ते पळून निघाले. वाटेत लांडगा आडवा आला म्हणून परतावे लागले, अशी आख्यायिका आहे. १०८० च्या सुमारास सोइसाँचे बिशपपदही असेच नको नको म्हणताना त्यांच्याकडे आले. थोड्याच काळात दुसऱ्याने ती गादी बळकावली. आर्नोल्ड भांडत बसले नाहीत. फ्लँडर्समध्ये खुनाला खून म्हणून लढणाऱ्या घराण्यांत त्यांनी समेट घडवला, आणि १०८४ साली औडेनबर्ग येथे संत पेत्र यांच्या नावाने मठ स्थापन केला. तेथेच १०८७ च्या ऑगस्टमध्ये ते प्रभूघरी गेले. आमच्या मते त्यांचे खरे मोठेपण त्या समेटात आहे. लोकांनी लक्षात ठेवली ती बिअर!

त्या थंड मुलुखात द्राक्षांपेक्षा जव चांगले पिकते. जवाला मोड आणून वाळवायचे, भरडून गरम पाण्यात भिजवायचे, तो गोड रस उकळायचा आणि यीस्टने आंबवायचा, ही बिअर. साथ आली तेव्हा आर्नोल्ड यांनी लोकांना पाण्याऐवजी बिअर प्यायला सांगितले आणि माणसे वाचली, असे परंपरा सांगते. जंतूंचे ज्ञान कोणाला नव्हते. उकळल्याने पाणी निर्धोक होते, हे आज आपण जाणतो. तहानेसाठी प्यायची ती बिअर सौम्य असे. (मेत्सचे संत आर्नोल्ड हे सातव्या शतकातले, वेगळे. बिअरच्या कथांत दोघांची सरमिसळ होते.) चित्रांत आपल्या संतांच्या डोक्यावर बिशपची टोपी आणि हातात रस ढवळण्याचे लांब दांड्याचे वल्हे असते.

संत बेनेडिक्ट यांच्या नियमावलीत मठवासीयांना रोज ठरावीक मापाच्या द्राक्षारसाची मुभा आहे, तीही काहीशा नाखुशीने. उत्तरेत त्याची जागा बिअरने घेतली. बेल्जियममध्ये आज तिचे प्रकार पुष्कळ आहेत आणि २०१६ मध्ये युनेस्कोनेही त्या परंपरेची दखल घेतली. ब्रुसेल्स परिसरातील लँबिकमध्ये यीस्ट बाहेरून घालत नाहीत. रस उघड्या हौदात रात्रभर निवत ठेवतात, हवेतले यीस्ट त्यात उतरते आणि मग ती लाकडी पिंपांत मुरते. हुगार्डन गावच्या पांढऱ्या बिअरमध्ये गहू, धणे आणि संत्र्याची साल असते. सेझाँ ही शेतमजुरांसाठी शेतघरांत बनत असे.

आणि त्रापिस्त मठांच्या दुबेल व त्रिपेल. वेस्टमाल मठात १८३६ पासून बिअर बनते. तेथील त्रिपेलमध्ये मद्यार्क ९.५ टक्के, म्हणजे आपल्याकडच्या साध्या बिअरच्या जवळजवळ दुप्पट. तिच्या विक्रीवर मठाचा खर्च आणि दानधर्म चालतो. मठवासीयांच्या जेवणासाठी मात्र निम्म्या ताकदीची वेगळी बिअर बनते. विकायला कडक आणि स्वतःला सौम्य, हा हिशेब आम्हाला फार बोलका वाटतो. नवऱ्याच्या किंवा मुलाच्या पिण्याने ज्यांच्या घरची चूल थंड पडली आहे, अशा भगिनी आमच्या दाराशी येतात. मांडवातला तो विनोद त्यांच्या कानांवर कसा पडत असेल?

टीगेममध्ये संत आर्नोल्ड यांच्या नावाचे उद्यान आणि चॅपेल आहे. तेथे येणाऱ्या भाविकांची श्रद्धा आहे ती जवळच्या झऱ्यावर, त्याच्या साध्या पाण्यावर.