सोन्याचा चुकलेला हिशेब

बँकेत असताना स्ट्राँगरूमची एक चावी कित्येक वर्षे माझ्याकडे असे आणि दुसरी कॅशियरकडे. दोघे हजर असल्याशिवाय दार उघडत नसे. तारण ठेवलेल्या सोन्याच्या पिशव्या मोजायच्या, सील पाहायचे, रजिस्टरवर सह्या करायच्या, हा रोजचा परिपाठ. त्यामुळे 'गोल्डफिंगर' हा जेम्स बाँडचा चित्रपट पाहताना सगळे थिएटर शॉन कॉनरीच्या ॲस्टन मार्टिन मोटारीवर खूष होते आणि मी मात्र तिजोरी न्याहाळत होतो. पुढे बाँडचा जनक इयान फ्लेमिंग याचे चरित्र वाचले आणि कळले, हा गृहस्थ तर आपल्याच धंद्यातून पळालेला!

फ्लेमिंगचा जन्म २८ मे १९०८ रोजी लंडनमध्ये झाला. आजोबा रॉबर्ट फ्लेमिंग स्वतःच्या नावाच्या बँकेचे संस्थापक. वडील खासदार होते. १९१७ साली फ्रान्समध्ये लढाईत मारले गेले. इयानला नववे वर्ष पुरे व्हायला तेव्हा आठवडा उरला होता. लष्करी शिक्षण त्याने अर्धवट सोडले, परराष्ट्र खात्याची परीक्षाही साधली नाही. रॉयटर्सचा बातमीदार म्हणून १९३३ साली मॉस्कोतल्या एका गाजलेल्या खटल्याचे वृत्त त्याने उत्तम दिले. पण पैशासाठी बँकेत शिरला, मग शेअर दलालीत. तिथे मन रमले नाही.

१९३९ साली तो ब्रिटिश नौदलाच्या गुप्तहेर खात्यात संचालकांचा साहाय्यक झाला. शत्रूला चकवण्याच्या योजना तो टेबलाशी बसून आखायचा. जीव धोक्यात घालायला बहुधा दुसरे जायचे. युद्धानंतर वृत्तपत्रातली नोकरी धरताना त्याने दर हिवाळ्यात दोन महिने रजा ठरवून घेतली. आम्हा बँकवाल्यांना हेवा वाटावा अशी अट! जमैकातल्या 'गोल्डनआय' या घरी १९५२ साली त्याने पहिली बाँडकथा लिहिली. टेबलाशी बसलेल्या माणसाने मनातली सारी धाडसे बाँडच्या नावावर जमा केली.

'गोल्डफिंगर' कादंबरी आली १९५९ साली. तिच्यातला खलनायक इंग्लंडमधून चोरट्या वाटेने सोने बाहेर काढतो आणि ते चढ्या भावाने विकतो ते आपल्या भारतात. मग तो अमेरिकेच्या फोर्ट नॉक्समधले सोने लुटायला निघतो. तिथे फ्लेमिंगचा हिशेब चुकला. एवढे सोने हलवायला वेळ लागतो, हे तो विसरला.

चित्रपटाचे लेखक रिचर्ड मेबाम आणि पॉल डेन यांनी ही चूक झाकली नाही. उलट बाँडच्याच तोंडून खलनायकाला सुनावली. साठ माणसे, दोनशे ट्रक आणि सोने भरायलाच बारा दिवस! त्यावर त्यांनी शोधलेली तोड अस्सल सावकारी डोक्याची आहे. सोने हलवायचेच नाही. अणुस्फोट करून ते किरणोत्सर्गी करायचे, म्हणजे ते वापराबाहेर जाईल आणि खलनायकाच्या जवळच्या सोन्याचा भाव वाढेल. दिग्दर्शक गाय हॅमिल्टन यांचे कला-दिग्दर्शक केन ॲडम यांना फोर्ट नॉक्सच्या आत प्रवेश नव्हता. त्यांनी पाइनवुड स्टुडिओत मनाने तिजोरी उभारली आणि सोन्याच्या विटा छतापर्यंत रचल्या. कोणताही कॅशियर अशा राशी रचणार नाही. पण पडद्यावर ते दृश्य अजूनही डोळे दिपवते.

फ्लेमिंगला ते पाहायला मिळाले नाही. १९६१ साली त्याला हृदयविकाराचा झटका आला होता. त्या आजारपणात त्याने आपल्या कॅस्पर या मुलासाठी उडत्या मोटारीची एक गोष्ट लिहून काढली. १२ ऑगस्ट १९६४ रोजी तो गेला. त्या दिवशी कॅस्परचा बारावा वाढदिवस होता. पुढच्याच महिन्यात, १७ सप्टेंबरला, 'गोल्डफिंगर' लंडनमध्ये झळकला. मुलासाठी लिहिलेले पुस्तकही ऑक्टोबरात निघाले, बाप गेल्यावर.

माझ्या मुलाचा वाढदिवस ३० जूनला असतो. तो लहान होता तेव्हा नेमका त्याच दिवशी बँकेचा सहामाही हिशेब असायचा. मी घरी पोहोचेपर्यंत तो झोपलेला असे आणि केकचा तुकडा ताटलीखाली झाकलेला. उरल्यासुरल्या रजा मी कादंबऱ्यांना दिल्या. तिजोरीतल्या एकेका पिशवीचा हिशेब मी चोख ठेवला. घरातला मात्र जुळवायचा राहून गेला. परवा 'गोल्डफिंगर' पुन्हा पाहायचा ठरला, तेव्हा मुलाला मुद्दाम बोलावून घेतले. तो आता पन्नाशीला आला आहे. तिजोरी पडद्यावर आली तेव्हा मी नेहमीप्रमाणे विटा मोजू लागलो नाही. शेजारी बसलेल्या मुलाकडे पाहत राहिलो.