सम्राट मार्कस ऑरेलियस

विद्यार्थ्यांनो, उर्दूच्या पुस्तकात तुम्ही 'कैसर' हा शब्द वाचला असेल. कैसर म्हणजे रोमचा बादशहा. 'सीझर' या रोमन नावावरून हा शब्द आला. अशाच एका कैसराची ओळख आज आपण करून घेऊ.

मार्कस ऑरेलियसचा जन्म इ. स. 121 मध्ये रोम येथे झाला. तो लहान असतानाच वडील वारले. आजोबांनी त्याला वाढवले. त्याला तत्त्वज्ञानाची फार ओढ होती. बाराव्या वर्षीच तो तत्त्ववेत्त्यांसारखा जाडाभरडा पोशाख घालू लागला व जमिनीवर झोपू लागला. आईने फार आग्रह केला तेव्हा कुठे तो बिछान्यावर झोपायला तयार झाला! इ. स. 138 मध्ये सम्राट अँटोनायनस पायस याने त्याला दत्तक घेतले. त्यानंतर तेवीस वर्षे तो राज्यकारभार शिकत होता. आपण राजा होणार हे ठाऊक असताना इतकी वर्षे दुसऱ्याच्या हाताखाली काम करणे किती अवघड, याचा विचार करा.

इ. स. 161 मध्ये तो सम्राट झाला. सिनेट या राज्यसभेने एकट्या मार्कसला गादी देऊ केली होती. पण दत्तक भाऊ ल्युसियस व्हेरस यालाही बरोबरीचा मान मिळावा, असा हट्ट त्याने धरला. रोमवर एकाच वेळी दोन सम्राट राज्य करू लागले. असे पूर्वी कधी घडले नव्हते.

मग संकटांमागून संकटे आली. टायबर नदीला महापूर आला. अन्नाची टंचाई झाली. पूर्वेला पार्थियन लोकांशी युद्ध पेटले. त्या युद्धातून परतलेल्या सैनिकांबरोबर एक भयंकर साथ आली. ती देवीची असावी, असे अनेक अभ्यासकांना वाटते. तुम्ही ज्याला जालीनूस म्हणता, त्या प्रसिद्ध हकीम गेलेनने या रोगाची लक्षणे लिहून ठेवली आहेत. इतक्यात उत्तरेकडून जर्मन टोळ्या डॅन्यूब नदी ओलांडून आल्या. खजिना मात्र रिकामा होता.

आता पैसा आणायचा कोठून? प्रजेवर नवा कर लादणे मार्कसला पटेना. त्याने राजवाड्यातील वस्तू लिलावात काढल्या. सोन्याचे प्याले, जडजवाहीर, एवढेच नव्हे तर सम्राज्ञीची रेशमी वस्त्रेही विकली. हा लिलाव दोन महिने चालला, असे जुन्या रोमन चरित्रात सांगितले आहे. पुढे विजय मिळाल्यावर सैनिकांनी बक्षीस मागितले, तेव्हा त्याने साफ नकार दिला. जादा पैसा द्यायचा म्हणजे तो त्यांच्याच आईबापांकडून उकळावा लागेल, हे त्याने त्यांना समजावले. युद्ध चालू असताना सैन्याला नाही म्हणायला फार धैर्य लागते.

इ. स. 175 मध्ये मार्कस मरण पावल्याची खोटी बातमी पसरली. त्याचा भरवशाचा सेनापती अविडियस कासियस याने स्वतःला सम्राट म्हणून जाहीर केले. तीन महिन्यांतच कासियसच्या लोकांनी त्याला ठार मारले व त्याचे शिर मार्कसकडे पाठवले. मार्कसने ते पाहिलेदेखील नाही. त्याने ते पुरायला लावले. कटातील पत्रे न वाचताच जाळली, असेही सांगतात. वाचली असती, तर आणखी किती माणसांचा द्वेष करावा लागला असता!

युद्धाच्या छावणीत तो स्वतःसाठी ग्रीक भाषेत टिपणे लिहीत असे. त्यांत पराक्रमाच्या बढाया नाहीत. राग आवर, कामाचा कंटाळा करू नको, अशी स्वतःचीच कानउघाडणी आहे.

पण तो निर्दोष नव्हता. त्याच्या राज्यात गुलामगिरी चालूच राहिली. आधीच्या काही सम्राटांनी लायक माणसाला दत्तक घेऊन वारस नेमले होते. मार्कसने आपला मुलगा कोमोडस याला गादी दिली. इ. स. 180 मध्ये मार्कस वारला. कोमोडस जुलमी निघाला आणि इ. स. 192 मध्ये त्याचा खून झाला.

मार्कसचा घोड्यावर बसलेला ब्राँझचा पुतळा आजही रोमच्या संग्रहालयात आहे. तसे अनेक पुतळे लोकांनी पुढे धातूसाठी वितळवले. हा मात्र कॉन्स्टंटाईन या ख्रिस्ती सम्राटाचा आहे, असे त्यांना वाटले, म्हणून तो वाचला.